‘चान्स घेतोय, नोकरी आधीच सोडू का?’

“मॅडम, सोडायची हे नक्की आहे. फक्त कधी, तेवढं सांगा.”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने लॅपटॉप उघडून माझ्याकडे वळवला. पडद्यावर एक्सेलचा तक्ता होता. वर अठरा महिने आणि डावीकडे एकाखाली एक ओळी : पगार, बोनस, नोटीस पिरियड, कर्जाचा हप्ता, डॉक्टर, ‘चान्स’, बाळ. राजीनाम्याची चौकट लाल होती, बाळाची फिकट गुलाबी. दोन्हींच्या मध्ये मोजून अकरा महिने.

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांची खरी नावं मी वहीत लिहीत नाही, खुणेची लिहिते. हिची खूण अर्थातच ‘तक्ता’ झाली. (तिच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय ३१. एकाच कंपनीत आठ वर्षं. पाच महिने प्रयत्न चालू होते आणि दर महिन्याला पाळी येत होती. पाळी आली की ती ऑफिसच्या बाथरूममध्ये दहा मिनिटं रडायची, तोंड धुवायची आणि मीटिंगला जाऊन बसायची. “सगळे म्हणतात, टेन्शनमुळे राहत नाहीये. मग टेन्शनचं मूळच काढून टाकलं तर?”

हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारला आहे की उत्तर तोंडपाठ आहे. पण तोंडपाठ उत्तर समोरच्या माणसाला पोचत नाही, म्हणून मी आधी तिच्या तक्त्याकडेच बोट दाखवलं. “ही गुलाबी चौकट याच महिन्यात का?”

“डॉक्टर म्हणाल्या, सगळं नॉर्मल आहे. मग तीन-चार महिन्यांत राहायला हवं ना?”

तर नाही. सगळं नॉर्मल असलेल्या, तिच्या वयाच्या जोडप्यालासुद्धा एखाद्या महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण चारात किंवा पाचात एक इतकीच असते. वर्षभर प्रयत्न केले तर १०० पैकी ८० हून अधिक जोडप्यांना यश येतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत वंध्यत्व हा शब्द १२ महिन्यांच्या प्रयत्नांनंतर येतो. पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांनीच डॉक्टरांकडे जावं, हे खरं. पण एकतिसाव्या वर्षी पाच महिने म्हणजे उशीर नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा तिने ऐकलं नव्हतं.

टेन्शनचं म्हणाल तर, रोजच्या कामाचा ताण कमी झाला तर झोप सुधारते, चिडचिड कमी होते, नवराबायकोत बोलणं होतं. त्यासाठी तो कमी करायलाच हवा. पण राजीनामा दिला की दिवस राहतात, असं औषध कुठल्याही डॉक्टरने लिहून दिलेलं मी पाहिलेलं नाही. कामात रसायनं असतील, किरणोत्सर्ग असेल, सतत जड उचलणं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधीच डॉक्टरांशी बोलून कामाची जागा बदलून मागायची. हिचं काम टेबलावरचं होतं. दिवस राहायच्या आधी सुरू करायचं ते फॉलिक अ‍ॅसिड, रोज ४०० मायक्रोग्रॅम. नोटीस पिरियड नव्हे. यावर ती पहिल्यांदा हसली.

हसली, पण लाल चौकट हलली नाही. तेव्हा मी तिला माझ्या वहीतल्या दुसऱ्या एका बाईबद्दल सांगितलं.

ती बाई माझ्याकडे आली तेव्हा नोकरी सोडून तिला दोन वर्षं झाली होती. ‘आधी निवांत होते, मग बाळ’ असं तिचं ठरलं होतं. पहिले दोन महिने छान गेले. तिसऱ्या महिन्यापासून घरातलं प्रत्येक माणूस तिच्याकडे बघायला लागलं, किंवा तिला तसं वाटायला लागलं. नोकरीत असताना पाळी आली तर निदान दिवसभर दुसरं काहीतरी डोक्यात असायचं. आता महिना म्हणजे एकच परीक्षा आणि तिचा निकाल अठ्ठाविसाव्या दिवशी. तिचं एक वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे : “नोकरी सोडली तेव्हा कारण होतं, आता फक्त सोडलेली नोकरी आहे.” तिला पुढे मूल झालं. पण त्या दोन वर्षांत तिने स्वतःला जे बोल लावले, ते अजून पुरते गेलेले नाहीत.

‘तक्ता’ बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पण मॅडम, काहीतरी ठरवायला नको का?”

हेच ते. या सगळ्या व्यवहारात बाळाची तारीख तिच्या हातात नव्हती. पाळीची नव्हती, सासूबाईंच्या ‘काही गुड न्यूज?’ची नव्हती. हातात होती ती एकच तारीख, राजीनाम्याची. जे हातात नाही त्याचा त्रास झाला की माणूस हातात असलेली गोष्ट घट्ट धरतो आणि तिच्यावर सगळा जोर काढतो. राजीनाम्याची घाई मला बहुतेक वेळा अशीच आलेली दिसते. ती बाळाची घाई नसते.

पहिली भेट तिथेच संपवली. जाताना एक प्रश्न दिला : बाळाचा विषयच नसता, तर आणखी एक वर्षाने तू याच नोकरीत असतीस का?

पुढच्या आठवड्यात ती लॅपटॉप न घेता आली. मी हे शुभलक्षण मानते.

उत्तर ‘नाही’ होतं. दीड वर्षापूर्वी नवा साहेब आला होता. रात्री आठला कॉल लावायचा आणि तो साडेनऊपर्यंत चालायचा. बढतीच्या यादीत तिचं नाव यायला हवं होतं, ते आलं नाही. तिनेच कामाला लावलेला मुलगा तिच्या वर गेला. हे तिने घरी कोणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. बढती मिळाली नाही म्हणून नोकरी सोडली, असं सांगायची लाज वाटते. बाळासाठी सोडली म्हटलं की लोक पाठीवरून हात फिरवतात. न जन्मलेल्या बाळाच्या खांद्यावर केवढं ओझं टाकतो आपण!

मी तिला दोन प्रश्न वेगळे काढायला सांगितले. ही नोकरी नको आहे का, हा एक. नोकरीच नको आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. दुसऱ्यावर ती म्हणाली, “घरी बसले तर मी दर तासाला टेस्ट करत बसेन.” स्वतःला ओळखत होती ती.

तिसऱ्या भेटीला नवऱ्याला बोलावलं. कारण त्या तक्त्यात मला एक गोष्ट खटकली होती. बारा-तेरा ओळी होत्या, पण त्याच्या नावाची एकही नव्हती. त्याची रजा, त्याचे कामाचे तास, त्याच्या नोकरीत काय बदलणार, काहीच नाही. जणू बाळ एकटीला होणार होतं.

तो शांत, सज्जन माणूस होता. म्हणाला, “तिला हवं ते करू दे. माझी काही हरकत नाही.”

हरकत नसणं आणि साथ असणं यांत फरक आहे, आणि तो बहुतेक नवऱ्यांना समजावून सांगावा लागतो. मी विचारलं, “रात्री आठच्या कॉलबद्दल तुम्हाला माहीत आहे?” कॉल असतो हे त्याला माहीत होतं. त्यानंतर ती तासभर कोणाशी बोलत नाही, हेही माहीत होतं. दोन्हींचा संबंध त्याने लावलेला नव्हता. बढतीचं तिने तिथे, माझ्यासमोर सांगितलं. त्यावर तो जे म्हणाला ते इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. एवढंच सांगते की राजीनाम्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

मग कागदांकडे वळलो. या बाबतीत मी जरा कडक आहे. नियुक्तीपत्र आणि कंपनीची रजेची नियमावली वाचल्याशिवाय कोणी राजीनाम्याचं बोलू नये. प्रसूतीची रजा ही साहेबाची मेहेरबानी नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना १९१९ साली स्थापन झाली, तेव्हा पहिल्याच परिषदेत बाळंतपणाच्या संरक्षणाचा करार झाला, त्यात एकूण १२ आठवड्यांची रजा होती. २००० सालच्या करारात ती रजा किमान १४ आठवडे झाली. शिवाय रजेनंतर त्याच किंवा त्याच तोडीच्या कामावर, त्याच पगारावर परत येण्याचा हक्क त्यात आला. प्रत्येक देशाचा कायदा आणि आठवडे वेगळे, ते आपापले बघायचे. पण बहुतेक ठिकाणी भरपगारी रजेचा हा हक्क नोकरीला बांधलेला असतो, आणि प्रसूतीआधी ठरावीक काळ काम केलेलं असावं अशी अटही असते. राजीनामा देऊन नोकरी संपली की सहसा तो हक्कही संपतो. कंपनीचा आरोग्यविमाही सहसा शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंतच असतो, आणि स्वतःचा नवा विमा घेतला तर बाळंतपणाच्या खर्चासाठी आधी प्रतीक्षेचा काळ लागू शकतो. ‘तक्ता’ आठ वर्षं कंपनीत होती. तिने यातलं एकही कलम वाचलं नव्हतं. तक्त्यात बोनसची ओळ होती, रजेची नव्हती.

पैशांची भीती दोघांनाही होती. तिथे मी एकच सुचवलं : तीन महिने तिचा पगार नाहीच असं समजून एकाच पगारात घर चालवून बघा. तिचा सगळा पगार बाजूला टाका. जमलं तर कळेल की जमतं, आणि हाताशी तीन पगार साठतील. नाही जमलं तर तेही राजीनाम्याच्या आधीच कळेल. दुसऱ्या महिन्यात त्यांची ओढाताण झाली. तीही कामाची माहिती होती.

“मग बरोबर वेळ कोणती?” हे तिने शेवटी विचारलंच.

माझ्याजवळ बरोबर वेळ नाही, चुकीच्या वेळा मात्र आहेत. गरोदरपणाचे पहिले तीन महिने ही एक. मळमळ साधारण नवव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असते, बऱ्याच जणींची सोळाव्या-विसाव्या आठवड्यापर्यंत ओसरते. सकाळी बेसिनजवळ उभं राहून ‘आता नाही जमत’ असं वाटतं. ते त्या आठवड्यांचं बोलणं असतं. तेव्हा रजा घ्या, वेळ बदलून मागा, घरून काम मागा. राजीनामा थांबू शकतो. बाळ झाल्यानंतरचे पहिले आठवडे ही दुसरी. झोप नाही, अंग दुखतंय, दूध पुरतंय की नाही ही धास्ती. त्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे बाळंतीण झालेल्या १०० पैकी सुमारे १३ जणींना मानसिक आजाराला, मुख्यतः नैराश्याला, तोंड द्यावं लागतं. अशा वेळी डॉक्टरांना फोन करायचा, मनुष्यबळ विभागाला नाही. आणि प्रत्येक पाळीच्या आसपासचे चार दिवस, ही तिसरी. ही तिच्यासाठी खास.

रजा संपत आली की मात्र ठरवायला जमीन लागते पायाखाली. बाळ कसं आहे, रात्री किती उठतं, सांभाळायला कोण आहे, घरातला दुसरा माणूस किती करतो, हे तेव्हा डोळ्यांसमोर असतं. आज त्यातली एकही गोष्ट तक्त्यात भरता येत नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल, मी नोकरी धरूनच ठेवायला सांगते. तसं एकदा सांगितलं होतं आणि चुकले होते. एका बाईला जाण्यायेण्याचेच चार तास लागायचे, कामाची शिफ्ट फिरती होती, पाठीचं दुखणं होतं. तिला स्वयंपाकाचं, घराचं, मुलाचं मनापासून वेड होतं. नोकरी तिने कधी आवडून केलीच नव्हती. मी मात्र ‘स्वतःचे पैसे, स्वतःची ओळख’ असं सुनावत राहिले. एका भेटीत ती शांतपणे म्हणाली, “ताई, हे तुमचं आहे. माझं नाही.” खरंच होतं. माझ्या मुलीच्या वेळी मी नोकरी सोडली होती आणि ती हळहळ मी या बाईवर ओतत होते. तिने चौथ्या महिन्यात राजीनामा दिला. नंतर भेटली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर एक रेघही पश्चात्तापाची नव्हती. तेव्हापासून मी ‘सोडू नकोस’ म्हणत नाही. कशापासून सुटायचंय, तेवढं विचारते.

‘तक्त्या’ने राजीनाम्याऐवजी साहेबाच्या वरच्या बाईंची वेळ मागितली. आठचा कॉल सहाला आला. बढतीबद्दल गोलगोल उत्तर मिळालं. अर्धं काम झालं म्हणायचं. त्यानंतर तीन-चारदा आली, मग यायची थांबली.

जवळजवळ दोन वर्षांनी तिचा फोन आला. मुलगा सात महिन्यांचा होता, मागे रडत होता. म्हणाली, “मॅडम, राजीनामा दिला.”

मी काही विचारायच्या आत तिनेच सांगितलं : दुसऱ्या कंपनीत, एक पायरी वरच्या जागेवर, पुढच्या महिन्यापासून. पहिले दोन महिने मुलाला नवरा बघणार, त्याने रजा टाकली आहे. कोण किती वाजता काय करणार याचा तक्ता या वेळी त्यानेच केला आहे.

“रंग मात्र भयानक निवडलेत,” ती म्हणाली आणि मुलाला घ्यायला गेली.