लग्नाचा ड्रेस आणि रोलर कोस्टर

प्रश्न : ताई, नोंदणी पद्धतीनं लग्न करून आम्ही त्याच कपड्यांत थीम पार्कला जाणार आहोत. साधा पांढरा ड्रेस कसा निवडू?

उत्तर : अगं, आधी लांबी बघ. पोटरीच्या खाली नकोच. जमिनीवर लोळणारे कपडे काही पार्कमध्ये चालतही नाहीत. नेट दिसते छान, पण अडकते फार. क्रेप घे आणि खांदे कोरे ठेव. रोलर कोस्टरचा पट्टा आवळला की खांद्यावरचं खडीकाम थेट कातडीत रुततं! पांढरं कापड भिजलं की आरपार दिसतं, म्हणून अस्तर अंगाच्या रंगाचं, आत सायकलिंग शॉर्ट्स. डोक्यावरची जाळी फोटोपुरती, राइडवर अजिबात नाही. आणि घेताना नुसती आरशासमोर उभी राहू नकोस. खाली बसून, दोन्ही हात वर करून बघ.