शातो गायार खरंच संडासातून पडला का?

प्रश्न: मुलीकडे फ्रान्सला गेलो होतो तेव्हा नॉर्मंडीत सीन नदीकाठचा शातो गायार हा पडका किल्ला बघितला, तिथे कोणीतरी सांगितलं की शत्रूचे सैनिक संडासाच्या नळातून आत शिरले म्हणून किल्ला पडला. खरंय का हे?

उत्तर: गोष्ट फार जुनी आहे, पण बऱ्याच इतिहासकारांना वाटतं की ते चॅपेलच्या, म्हणजे किल्ल्यातल्या छोट्या प्रार्थनाघराच्या, खिडकीतून शिरले असावेत आणि संडासाचा भाग नंतर चिकटला. इंग्लंडचा राजा रिचर्ड, ज्याला सिंहहृदयी म्हणतात, त्याने हा किल्ला 1196 ते 1198 अशा जेमतेम 2 वर्षांत उभा केला, आणि बांधकाम चालू असताना आकाशातून रक्ताचा पाऊस पडला तरी रिचर्ड थांबला नाही अशीही दंतकथा आहे. 1199 मध्ये तो वारला, मग फ्रान्सच्या फिलिप राजाने वेढा घातला आणि 6 मार्च 1204 ला किल्ला घेतला.

पण मला विचाराल तर संडासापेक्षा त्या वेढ्यातली माणसं लक्षात ठेवा. खालच्या गावातले लोक जीव वाचवायला किल्ल्यात आलेले, धान्य कमी पडायला लागलं तसं त्यांना बाहेर काढलं, शेवटच्या शेकडो लोकांना फ्रेंच सैन्यानेही पुढे जाऊ दिलं नाही, आणि बायका-पोरं, म्हातारी माणसं ऐन हिवाळ्यात दोन्हीकडच्या मधोमध अडकून उपाशी मेली. हे वाचलं की अजूनही पोटात कालवतं.

आज दिसते ती पडझड मुख्यतः 1599 नंतरची, फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने किल्ला पाडायचा हुकूम दिला होता.