वाचकांचे प्रश्न : दूध वाढले, फॅट का उतरली?

प्रश्न : जूनपासून हिरवी वैरण भरपूर आहे. म्हशीचे दूध लिटरभर वाढले, पण दूध संस्थेत फॅट 7.2 वरून 6.1 वर आली. मशीन चुकते का? आणि सरळ लिटरवर दर का देत नाहीत?
– एक वाचक, कागल तालुका

उत्तर : मशीनवर संशय घेण्याआधी गव्हाणीत बघा. पावसात फुटलेला हत्तीघास आणि कोवळा मका यांत पाणी जास्त, तंतू कमी. कोठीपोटात (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) तंतू आंबून ॲसिटिक आम्ल तयार होते आणि त्यातूनच दुधातली बरीचशी फॅट बनते. म्हशीचे रवंथ कमी झाले की फॅट उतरलीच म्हणून समजा. रोज 5 ते 6 किलो कडबा किंवा भाताचे पिंजर कुट्टी करून द्या. दुधासाठी मक्याचा भरडा वाढवला असेल तर कमी करा, त्यानेही फॅट घसरते. आंबोण (खुराक) शरीरासाठी दीड-दोन किलो, वर दर दोन लिटर दुधामागे एक किलो. बदल आठवडाभरात हळूहळू करा. पुढे ऊसतोड सुरू झाली की नुसत्या वाढ्यावर (उसाच्या शेंड्यांवर) म्हैस ठेवू नका. वाढ्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवते, म्हणून रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण हवेच.

दुसरे कारण धारेत असते. सर्वांत जास्त फॅट शेवटच्या धारांत येते आणि नेमक्या त्याच आपण रेडकासाठी सोडतो. रेडकाला सुरुवातीला पाजा, मग कास पूर्ण मोकळी करा.

नमुना घेताना किटलीतले दूध वरखाली हलवून घ्यायला सांगा, कारण साय वर तरंगते. फेस किंवा आंबूस दूध असेल तर मशीन खरोखरच चुकते. शंका राहिली तर गर्बर पद्धतीने (आम्लाने फॅट वेगळी करून मोजण्याची) तपासणी मागा : 10 मिली गंधकाम्ल, 10.75 मिली दूध, 1 मिली अमाइल अल्कोहोल. ती मागायला संकोच करू नका.

आता दराचे. लिटरवर पैसे दिले की पाणी घालणाऱ्याचा फायदा आणि सकस दूध घालणाऱ्याचा तोटा. गावची संस्था, जिल्ह्याचा संघ, राज्याचा महासंघ ही गुजरातेतल्या आणंदची रचना 1970 पासून दूध महापूर योजनेने (ऑपरेशन फ्लड) देशभर नेली. कोल्हापूरचा गोकुळ दूध संघ त्याआधीचा, 1963 चा. ही साखळी टिकली ती गावातल्या टेबलावर प्रत्येकाचे दूध रोज तपासले गेले म्हणून. नुसत्या फॅटवर दर दिला तर गाईच्या दुधावर अन्याय होतो, म्हणून एसएनएफही (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरतात. म्हशीच्या दुधाचा दर ठरवताना 6 फॅट, 9 एसएनएफ हे मूळ प्रमाण धरतात. तुमची फॅट आता त्या रेषेला टेकली आहे, तेव्हा कडबा आजच सुरू करा.