लेकीला गाईड व्हायचंय, पण मोबाईलच सगळं सांगतोय

ताई, सप्रेम नमस्कार.

खुलताबाद तालुक्यातून आपण लिहिलेलं पत्र मिळालं. लेक बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय इतिहास, आणि तिला वेरूळ-अजिंठ्याला गाईड व्हायचंय. वडिलांना वाटतं तिने बी.एड. करावं. मामा म्हणतात, शहरात एखाद्या ट्रॅव्हल कंपनीत डेस्कवर बस. आतेभावाची पुण्यातल्या एका एजन्सीतली तिकीट बुकिंगची नोकरी गेल्या वर्षी गेली. त्याच्या मते दोन्हीत राम उरलेला नाही, आता मोबाईलला विचारलं की सहलीचा आराखडाही मिळतो आणि लेण्यांचा इतिहासही. आपण शेवटी विचारलंय, "पोरीला नाही म्हणू का?"

नाही म्हणू नका. पण हो म्हणताना कशाला हो म्हणतोय ते घरात सगळ्यांना स्पष्ट असू द्या.

आधी मामांच्या सल्ल्याबद्दल, कारण मला त्यातच जास्त धोका दिसतो. तिकीट काढून देणं, हॉटेलांचे दर ताडून पाहणं, पाच दिवसांचा कार्यक्रम आखून देणं, ही डेस्कवरची कामं आजची नव्हे, वीस वर्षांपासून कमी होत आली आहेत. रेल्वेचं तिकीट 2002 पासून घरबसल्या काढता येऊ लागलं. विमान कंपन्यांनी एजंटांचं कमिशन घटवत घटवत जवळपास संपवलं. उरलेलं आराखड्याचं काम आता एआय मिनिटभरात करतं. त्या आतेभावाची नोकरी गेली त्यात त्याच्या मेहनतीचा दोष नाही. त्याचं कामच आटत होतं, हे त्याला कुणीतरी आपुलकीने सांगायला हवं.

या धंद्यात टिकणार आहे ती जबाबदारी. कॅनडातलं एक प्रकरण सांगतो. आजी वारल्यावर एका प्रवाशाने एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटला सवलतीच्या भाड्याबद्दल विचारलं. चॅटबॉटने सांगितलं, आधी तिकीट काढा, सवलतीचा अर्ज नंतर केला तरी चालेल. प्रत्यक्षात कंपनीचा नियम उलटा होता आणि कंपनीने पैसे द्यायला नकार दिला. चॅटबॉट काय बोलला याला आम्ही जबाबदार नाही, असाही पवित्रा घेतला. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. त्या माणसाला न्याय मिळाला, पण त्यासाठी भांडावं लागलं. सत्तरीचे आई-वडील, व्हिसाची कागदपत्रं, मधुमेहाची औषधं आणि मधलं विमान रद्द झालेलं, अशा वेळी लोकांना फोन उचलणारा माणूस लागतो. आपल्याकडच्या मोठ्या मराठी टूर कंपन्या उभ्या राहिल्या त्या टूर मॅनेजरच्या, म्हणजे गटाबरोबर राहून त्याला सांभाळणाऱ्या माणसाच्या, भरवशावर. लेकीला ट्रॅव्हल कंपनीत जायचंच असेल तर तिने टूर मॅनेजरचं काम मागावं, तिकिटाच्या डेस्कचं नव्हे. मात्र त्यात ऐन दिवाळीत आणि मे महिन्यात घराबाहेर राहावं लागतं.

आता गाईडचं काम. इथे मला मनापासून आशा वाटते, पण सरसकट नाही. तुमच्या लेकीनेही असे गाईड पाहिले असतील, जे कैलास लेण्यात अर्ध्या तासात तीच वीस वाक्यं म्हणून दाखवतात. इतकी वर्षं लागली, इतका दगड काढला, वरून खाली कोरलं, चला पुढे. ही वीस वाक्यं मोबाईल दहा भाषांत सांगतो, तेही फुकट. पाठांतरावर चालणाऱ्या गाईडचं काम जाईल. मला त्याचं वाईट वाटतं, पण हे तुमच्यापासून लपवणं बरोबर नाही.

दुसऱ्या प्रकारचा गाईड काय करतो ते वेरूळच्या दहाव्या लेण्यात बघा. स्थानिक लोक त्याला सुतार की झोपडी म्हणतात. चांगला गाईड आत शिरल्याबरोबर बोलायला लागत नाही. तो लोकांना आधी वर बघायला लावतो. छताला दगडाच्या कमानदार वाशांची ओळ आहे, लाकडी घराला असते तशी. मग तो विचारतो, दगडाच्या छताला वाशांची गरज काय? कुणी म्हणतं आधारासाठी, कुणी म्हणतं शोभेसाठी. तेव्हा तो सांगतो की हे वासे कसलाही भार पेलत नाहीत. आधीचे चैत्य (बौद्धांची प्रार्थनास्थळं) लाकडाचे होते, त्यांची आठवण कारागिरांनी दगडात राखली. त्यानंतर तो कुणाला तरी एक सूर लावायला सांगतो. सूर छतात घुमतो, आणि मघापासून मोबाईलमध्ये डोकं घातलेला मुलगा मान वर करतो. कुणाला काय आणि कधी विचारायचं, हे समोरच्या माणसांचे चेहरे बघून ठरतं.

आणखी एक काम हल्ली वाढलंय. कैलास परग्रहवासीयांनी कोरलं, असे व्हिडिओ बघून लोक येतात. त्यांना हसून चालत नाही, त्यांच्यासमोर पुरावा ठेवावा लागतो. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याने एलापूरला, म्हणजे वेरूळला, बांधवलेल्या मंदिराचा उल्लेख बडोद्याच्या ताम्रपटात येतो. हत्यारांचे घाव भिंतींवर आजही दिसतात. अजिंठ्याला सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. हे ज्याला दाखवता येतं त्याच्याकडे लोक पुन्हा येतात, आणि पाहुणे आले की त्यांनाही त्याच्याकडेच पाठवतात.

इतिहासाची पदवी इथे कामाला येईल, पण ती पुरणार नाही. लेकीने सगळी स्मारकं एकदम धरू नयेत. वेरूळची 34 लेणी आधी पक्की करावीत, बौद्ध, हिंदू, जैन असा सगळा पट. बहुतेक गाईड जैन लेण्यांपर्यंत पोचतच नाहीत, आणि बत्तिसाव्या लेण्यातलं शिल्प बघून माणूस थक्क होतो. वेळेचं गणितही शिकावं. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. वेरूळच्या लेण्यांची तोंडं पश्चिमेला, म्हणून दुपार कलल्यावर ऊन आत येतं. गर्दी टाळून कैलास सकाळी करायचं की उजेडासाठी काही लेणी दुपारनंतर ठेवायची, हे आजी-आजोबांना घेऊन आलेल्या कुटुंबाला ठरवून देणारा माणूस हवाच असतो.

भाषा एकच धरावी आणि नीट शिकावी. अजिंठ्याला बौद्ध देशांतून भाविक येतात, त्यामुळे माझा कल जपानीकडे आहे. पुण्यात जपानीच्या परीक्षा होतात. एन-5 ही पहिली पायरी झाली, तिच्या बळावर गट सांभाळता येत नाही, दोन-तीन वर्षं द्यावी लागतील. कानात घालायची भाषांतराची यंत्रं आली आहेत हे मला माहीत आहे. तरीही पाहुण्याच्या भाषेत त्याची चौकशी करणाऱ्या माणसाशी जे नातं जुळतं, ते यंत्रामार्फत जुळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात परवान्याशिवाय गाईडचं काम करता येत नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा अतुल्य भारत पर्यटक सुविधा प्रमाणपत्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. त्याचे आणि राज्य पर्यटन संचालनालयाच्या प्रशिक्षणाचे सध्याचे नियम, शुल्क, तारखा त्यांच्याकडूनच तपासून घ्या. कुणी एजंट "पैसे भरा, परवाना देतो" म्हणाला तर घरातून हाकलून द्या. पुढे शिकायचं असेल तर संभाजीनगरच्या विद्यापीठातच पर्यटनाचा विभाग आहे.

पैशाचं खरं ते सांगतो. पगार नाही. गटामागे, दिवसामागे मानधन. ऑक्टोबर ते मार्च हात भरलेला, एप्रिल-मे कोरडा, पावसाळ्यात वेरूळला देशी पर्यटकांची गर्दी. 2020 मध्ये सगळंच बंद पडलं तेव्हा या लोकांचे फार हाल झाले. म्हणून वर्षाचा खर्च सहा महिन्यांत कमवायची आणि बाजूला ठेवायची सवय लागते. बी.एड.चा वडिलांचा आग्रह मला त्यामुळे चुकीचा वाटत नाही. ती पदवी हाताशी असली तर उन्हाळ्यात शिकवणी घेता येईल, आणि डिसेंबरात एसटी भरून येणाऱ्या शाळांच्या सहलींना समजावून सांगणारी गाईड म्हणूनही ती उजवी ठरेल.

दुकानांचं कमिशनही तिच्यासमोर येईल. हिमरू-पैठणीच्या दुकानात पाहुणे नेले की टक्के मिळतात. पहिल्याच मोसमात नाही म्हणायला शिकली तर बरं. ज्या गाईडचं लक्ष दुकानाकडे, त्याच्या बोलण्यावरचा विश्वास पाहुण्याच्या मनातून तिथेच उतरतो.

परक्या लोकांबरोबर मुलीने फिरायचं, ही तुमची काळजी रास्त आहे. लेण्यांवर दिवसा काम असतं, तिकीट असतं, पहारेकरी असतात. सुरुवातीची दोन वर्षं तिने फक्त लेण्यांच्या आवारातलं काम घ्यावं, गाडीत बसून दूरची कामं घेऊ नयेत, आणि पाहुणे ओळखीच्या एजन्सीकडूनच घ्यावेत. कुटुंबं आणि एकट्या फिरणाऱ्या बायका महिला गाईड शोधत असतात. हे तिच्या बाजूचं आहे.

परीक्षा झाल्यावर लगेच काही ठरवू नका. या हिवाळ्यात तिने एखाद्या जुन्या, परवानाधारक गाईडबरोबर त्याच्या परवानगीने मागे उभं राहून ऐकावं. लोकांनी विचारलेले प्रश्न वहीत लिहावेत, आणि ज्यांची उत्तरं मोबाईलवर चुकीची किंवा अपुरी मिळाली त्यांच्यापुढे खूण करावी. तिथे पायऱ्या चढताना, उन्हात उभं राहताना, तेच लेणं पुन्हा पुन्हा दाखवताना तिला कंटाळा येतो का, ते तुम्ही आई म्हणून बघा. मार्चमध्ये ती वही घेऊन तिनेच मला लिहावं. बी.एड.चा फॉर्म तोवर भरून ठेवायला हरकत नाही.