आईच्या ओट्याला ओसीडी म्हणू नकोस

अगं,

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला, तोही दोन हप्त्यांत, कारण मधे कुकर लावायचा होता. त्यात तू आईला ओसीडी, बाबांना नार्सिसिस्ट (म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडालेले), ग्रुपमधल्या त्या मुलाला बायपोलर आणि स्वतःला त्या चार अक्षरी पर्सनॅलिटी टेस्टमधलं (एमबीटीआय) काहीतरी ठरवून मोकळी झालीस. सायकॉलॉजीचं टी.वाय. सुरू होऊन किती, पाच आठवडे झाले ना? रागावले नाहीये हां, हसतेय. मी पण हेच केलं होतं. अ‍ॅबनॉर्मलचं पुस्तक उघडलं की प्रत्येक चॅप्टर आपल्याच घरावर लिहिलाय असं वाटतं, मेडिकलच्या पोरांनाही प्रत्येक आजार स्वतःला झालाय असंच वाटत असतं. फोनच केला असता, पण फोनवर तू मधेमधे बोलतेस म्हणून हे लिहितेय.

आधी ती चार अक्षरं. 1948 मध्ये फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांची पर्सनॅलिटी टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला त्याचा 'खास' रिपोर्ट दिला, मग विचारलं की पाचपैकी किती मार्क द्याल, किती जुळतंय. सरासरी 4.26 आली. पोरं खूश. आणि मग कळलं की सगळ्यांना एकच रिपोर्ट दिला होता, त्यातली वाक्यं स्टॉलवर मिळणाऱ्या राशिभविष्याच्या पुस्तकातली. तुझा रिझल्ट परत वाच आता. "वरून तुम्ही शांत दिसता पण आतून काळजी करता", हे दादर स्टेशनवर उभ्या असलेल्या कोणालाही लागू पडेल की नाही सांग.

स्वभाव मोजताच येत नाही असं नाही म्हणत मी. ऑलपोर्ट आणि ओडबर्टने 1936 मध्ये डिक्शनरीतून माणसांचं वर्णन करणारे जवळजवळ 18 हजार शब्द वेचून काढले, पुढच्यांनी ते गाळत गाळत आणले आणि शेवटी ते पाच गुण राहिले जे तुला परीक्षेत लिहायचेत, नव्याची ओढ, शिस्त, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि मनाची अस्थिरता. पण हे पाच डबे नाहीत गं, पट्ट्या आहेत, आणि बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात. शिवाय 1968 मध्ये मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने जो वाद काढला, की माणूस कसा वागेल हे स्वभावाइतकंच प्रसंगावरही ठरतं, तो मुंबईकराला शिकवायलाच नको. 8:42च्या फास्टमध्ये कोपर मारून चढणारा माणूस दहा मिनिटांनी ऑफिसात "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करतो. मग खरा स्वभाव कोणता? दोन्ही. म्हणून बाबा जेवताना तुझं ऐकत नाहीत एवढ्यावरून नार्सिसिस्ट नको म्हणूस, ते कामावर, मित्रांत, आजारी आजीजवळ कसे वागतात ते पण बघ, तुझ्याकडे सगळा डेटा आहे आणि तू एकाच ताटावरून निकाल लावतेयस.

आता आई. ओसीडीत एखादा विचार नको असताना परत परत घुसतो, तो आपल्याला पटत पण नसतो, आणि तो शांत करायला माणूस तेच ते करत बसतो. यात रोजचा तासाच्या वर वेळ जातो किंवा कामधंदा, नाती, झोप यांचे हाल होतात तेव्हा ते नाव लागतं. तुझी आई रात्री ओटा तीनदा पुसते आणि मग मस्त सीरियल बघते. टापटीप आहे ती. नाव वापरूच नको असं नाही, ज्याचे हात धुऊन धुऊन सोलवटलेत आणि तरी थांबता येत नाही त्याला ते नाव मिळाल्यावर केवढं हायसं वाटतं ते मी समोर बसून पाहिलंय. म्हणून तर ते उगाच खर्च करायचं नाही.

माझी फजिती सांगते. ट्रेनिंगमध्ये असताना ओपीडीत एक कोळीण आली होती, नवरा जाऊन चार महिने झालेले, झोप लागत नाही म्हणून सून घेऊन आली. बोलता बोलता सून म्हणाली की सासूबाईंच्या अंगात येतं, नवरात्रात, देवळात, केस सोडून घुमतात. माझा पेन सुटला! केस पेपरवर ठळक लिहिलं 'सायकोसिस', म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, आणि पुढे प्रश्नचिन्ह, तेवढीच काय ती नम्रता. आमच्या सीनियर मॅडमनी पेपर वाचला, माझ्याकडे बघितलंही नाही, सरळ त्या बाईंना विचारलं, "मावशी, अंगात येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी काय करता?" त्या म्हणाल्या, "काय करनार, पहाटे धक्क्यावर जाते, मावरं नको घ्यायला?" आणि मग मासळीचे भाव, बर्फाचा खर्च, उधारी कोणाकडे किती, सगळं धडाधड तोंडपाठ. मॅडमनी माझा शब्द खोडला आणि वर लिहिलं 'झोप, दुःख'. नंतर चहा पिताना एवढंच म्हणाल्या की चार लोकांपेक्षा वेगळं दिसतं म्हणून आजार नसतो, तिच्या देवळातले लोक काय म्हणतात, तिला त्रास होतो का, तिचं काम अडतं का, कोणाला धोका आहे का, हे विचारायचं. तुझ्या नोट्समध्ये हेच चार मुद्दे असतील. मला ते त्या मावऱ्याच्या हिशोबातून कळले.

आणि नावं देणारे पण चुकतात. 1973 पर्यंत समलैंगिकता अमेरिकन सायकियाट्रीच्या अधिकृत यादीत आजार म्हणून होती, मग काढली. माणसं तीच होती, यादी बदलली. पेपरात हे लिहिलंस तर मार्क मिळतील, पण मार्कांपेक्षा ते डोक्यात ठेव.

मेसेजमध्ये तू सांगितलेलं तुझ्या मैत्रिणीचं मात्र मला सिरियस वाटतंय. दादरच्या ब्रिजवर गर्दीत छाती धडधडली, हात बधिर, आता मरते असं वाटलं, डॉक्टरने ईसीजी काढला तो नॉर्मल (हे आधी केलं ते बरं केलं), आणि तेव्हापासून वडील रोज बाइकवरून सोडतात. प्रेमाने करतायत, पण भीतीला खाऊ घालतायत. ट्रेन टाळली की लगेच हुश्श वाटतं, आणि ते हुश्श वाटणंच मेंदूला शिकवतं की बघ, टाळलं म्हणून वाचलीस. थेरपिस्ट उलटा रस्ता धरतो. आधी दुपारी नुसतं ब्रिजवर उभं राहायचं. मग प्लॅटफॉर्मवर बसून पाच गाड्या जाऊ द्यायच्या. मग दोनच्या सुमाराची रिकामी स्लो पकडून फक्त माटुंगा, एकच स्टेशन. मग कुर्ला. संध्याकाळी साडेसहाची गर्दी सगळ्यात शेवटी. धडधड वाढली तरी मधेच पळायचं नाही, चढलेली भीती आपोआप उतरते हे अंगाला एकदा कळावं लागतं. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्सने सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या पिटुकल्याला असंच बरं केलं, तो खाऊ खात असायचा आणि ससा रोज थोडा थोडा जवळ यायचा. पण तू स्वतः तिला घेऊन जाऊ नकोस, पायऱ्या कोणत्या, कुठे थांबायचं हे शिकलेल्या माणसाने ठरवायचं असतं. तू फक्त मैत्रीण राहा.

फ्रॉइडवर तुमचे मास्तर तीन लेक्चर घेतील, ऐकून घे, मजा येते. रॉजर्सचा चॅप्टर छोटा म्हणून सोडू नकोस, समोरच्याला न जोखता ऐकणं हे वाचायला सोपं आणि करायला महाकठीण, मला वीस वर्षांनीही जमत नाही रोज. आणि एलिस नीट वाच. त्याचं म्हणणं असं की घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्टी विचार जास्त छळतो. इंग्रजीत तो मस्ट, शुड असं समजावतो, आपल्याकडे एका अक्षरात भागतं, 'च'. तुझ्या मेसेजमध्ये आठव्या मिनिटाला आहे, "मला फर्स्ट क्लास मिळालाच पाहिजे, नाहीतर मी संपले." तो च काढून परत म्हणून बघ. फर्स्ट क्लास हवाय, नाही मिळाला तर वाईट वाटेल, आणि मग एम.ए.चा फॉर्म भरायचाच आहे. (हा च चालेल.)

मैत्रिणीला सांग, 14416 हा सरकारचा टेली मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. प्रत्यक्ष जायचं तर गोळ्या फक्त डॉक्टर लिहून देतो, शक्यतो सायकियाट्रिस्ट म्हणजे मनाच्या आजारांचा डॉक्टर, थेरपी कुणाकडे घ्यायची असेल तर त्याचं शिक्षण काय ते बिनधास्त विचारायचं, नुसती 'लाइफ कोच' पाटी बघून पैसे द्यायचे नाहीत.

रविवारी ये, मी आहे घरी. त्याआधी एक होमवर्क. आज रात्री आई ओटा पुसायला लागली की हळूच विचार, "आई, न पुसता झोपलीस तर काय होतं गं तुला?" आणि पूर्ण उत्तर ऐकून घे, मधे बोलू नकोस.

तुझी मावशी