गेंडा नंतर, आधी पेशी

नाजिन आणि फातू. केनियातल्या ओल पेजेटा अभयारण्यात उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याच्या या दोनच माद्या उरल्यात. त्यांच्या बातम्या वाचून तू पेशींपासून दुर्मीळ प्राणी वाचवायच्या या कामाकडे वळलास, चांगलंच आहे. पण आल्या आल्या गेंडा घडवायची स्वप्नं बघू नकोस.

आधी त्वचेची पेशी जिवंत ठेवायला शीक, सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे. सॅन दिएगोच्या 'फ्रोझन झू' या गोठवलेल्या पेशींच्या साठ्यामध्ये या गेंड्यांच्या पेशी उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये जपल्यात. 2011 मध्ये त्वचेच्या पेशींपासून या गेंड्याच्या आणि ड्रिल माकडाच्या मूलपेशी, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी, तयार झाल्या. 2022 मध्ये जपानी संशोधकांनी त्याहून पुढे जाऊन बीजपेशींच्या (अंडपेशी आणि शुक्राणूंच्या) पूर्वज पेशींसारख्या पेशी मिळवल्या. तिथून पक्व अंडपेशीपर्यंतची वाट मात्र लांब आहे.

प्राण्याच्या कानाच्या त्वचेचा तुकडा हाती आला की तो पोषक द्रावणात ठेव, थेट फ्रीझरमध्ये टाकू नकोस. पेशी गोठवताना डीएमएसओ हे बर्फापासून जपणारं रसायन घाल आणि मिनिटाला साधारण 1 अंश एवढ्याच वेगाने थंड कर, नाहीतर आत बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फुटतात. मायकोप्लाझ्मा या पेशींत शिरणाऱ्या इवल्या जिवाणूची चाचणी कधीच चुकवू नकोस. तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही; माझी तीन महिन्यांची मेहनत त्याने गिळली. (त्या दिवशी जेवलो नव्हतो.) अधूनमधून गुणसूत्रंही तपास, वाढता वाढता मूलपेशी बिघडतात.

आणि हो, आपल्याकडे मेलेल्या बिबट्याचा नमुनासुद्धा वन खात्याच्या परवानगीशिवाय घ्यायचा नाही. अर्ज आजच टाक, कागद हलायला वेळ लागतो.