सिनेबेंचमध्ये एक पुढे, गेममध्ये दुसरा: मग वेगवान कोणता?

दोन प्रोसेसरांच्या बेंचमार्कचे (वेग मोजणाऱ्या चाचण्यांचे) दोन तक्ते देऊन तुम्ही विचारलंय, एकूणात कोणता फास्ट? ते दोन्ही तक्ते बरोबर असू शकतात. रेंडरिंगमध्ये पहिला प्रोसेसर बराच पुढे आणि गेममध्ये दुसरा, यात विसंगती काहीच नाही. 'एकूणात कोणता फास्ट' हा प्रश्नच तुम्हाला अडकवतोय.

सिनेबेंच म्हणजे सिनेमा ४डी या थ्रीडी सॉफ्टवेअरचं रेंडरिंग, म्हणजे चित्र तयार करण्याचं काम. चित्राचे तुकडे पडतात, प्रत्येक कोर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) आपला तुकडा घेऊन बसतो, कुणी कुणासाठी फारसं थांबत नाही. म्हणून कोर वाढले की स्कोअर वाढतो. गेममध्ये मात्र बहुतेक वेळा एक-दोन थ्रेडवरच (एका वेळी एकाच कोरवर चालणाऱ्या कामाच्या धाग्यांवर) सगळा भार असतो आणि तेही रॅममधून डेटा यायची वाट बघत असतात. २०२२ साली आलेला एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स३डी प्रोसेसर बघा. त्याच्या आधीच्या ५८००एक्सचे तेच आठ कोर, बूस्ट क्लॉक (कमाल वेग) उलट कमी (४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ), पण एल३ कॅश, म्हणजे रॅमची वाट कमी बघायला लावणारी प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी, ३२ ऐवजी ९६ एमबी. सिनेबेंचमध्ये तो मागे पडतो आणि बऱ्याच गेममध्ये ठळकपणे पुढे जातो. नुसता सिनेबेंच बघणाऱ्याने तो यादीतूनच काढला असता.

आता वॉट. इंटेलच्या कोअर आय९-१२९००केची बेस पॉवर (नेहमीच्या भारासाठीची वीज) १२५ वॉट, कमाल टर्बो (पूर्ण जोरात असतानाची) २४१. मदरबोर्डने मर्यादा कुठे ठेवली आहे, यावर त्याच चिपचे वेगवेगळे स्कोअर येतात. गीकबेंच या दुसऱ्या बेंचमार्कच्या चाचण्या छोट्या असतात, मध्ये दम खायला वेळ मिळतो. सिनेबेंचची आर२३ आवृत्ती मात्र ठरलेल्या सेटिंगवर किमान १० मिनिटं चालते. लॅपटॉप निवडताना हा फरक फार महागात पडतो, कारण पहिल्या मिनिटाचा वेग दहाव्या मिनिटाला टिकेलच असं नाही. ज्या रिव्ह्यूत पॉवर लिमिट, रॅमचा स्पीड आणि कूलर लिहिलेला नाही, त्यातली पाच टक्क्यांची आघाडी मी तरी मोजत नाही.

सरासरीकडेही संशयाने बघा. दहापैकी नऊ चाचण्यांत बरोबरी आणि एकात तिप्पट वेग, तर साधी सरासरी '२० टक्के वेगवान' सांगते, भूमितीय सरासरी (आकड्यांचा गुणाकार करून काढलेली, एखाद्या टोकाच्या आकड्याने कमी फुगणारी) सुमारे १२ टक्के. तुमचं काम त्या नऊमध्ये असेल तर दोन्ही आकडे निरुपयोगी. (भारदस्त बेंचमार्कही यातून सुटलेले नाहीत. २०२४ मध्ये बेंचमार्क बनवणाऱ्या स्पेक संस्थेने आपल्या 'सीपीयू २०१७' या बेंचमार्कचे इंटेलचे २,६०० हून अधिक निकाल ग्राह्य धरू नयेत असं जाहीर केलं, कारण कंपायलरमध्ये (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) त्यातल्या एका चाचणीला उचलून धरणारं खास ऑप्टिमायझेशन होतं.)

गेमचे आकडे १०८०पी वर (४के पेक्षा कमी रिझोल्यूशनवर) बघितले तर प्रोसेसरमधला फरक दिसतो, ४के वर सगळे सारखेच, कारण तिथे ग्राफिक्स कार्ड आधी दमतं. '१०८०पी वर एवढं महाग कार्ड कोण वापरतं' असा वाद नेहमी निघतो, पण कार्डाचा अडथळा काढल्याशिवाय प्रोसेसर मोजणार कसा? तुम्ही स्वतः ४के वर खेळत असाल तर मात्र हा फरक तुमच्या पदरात आज जवळजवळ पडणार नाही. सरासरी एफपीएसशेजारचा (सेकंदाला किती फ्रेम) '१% लो', म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा वेग, आवर्जून वाचा. खेळताना जाणवणारे झटके तिथे दिसतात. आणि आर२३चा स्कोअर सिनेबेंच २०२४च्या स्कोअरशेजारी ठेवू नका, मोजपट्टीच वेगळी आहे.

खरेदीआधी एक करा. सध्याच्या मशीनवर रोजचं काम चालू ठेवून टास्क मॅनेजरमध्ये प्रत्येक कोरचा आलेख उघडा. एका वेळी १६ थ्रेड चालवू शकणाऱ्या मशीनवर एकूण वापर सहा-सात टक्के दिसतोय आणि तरी काम रखडलंय, तर बहुधा एकच थ्रेड राबतोय. तुम्ही सिंगल-कोरचा रकाना बघा. सगळे आलेख छताला टेकलेले असतील तर मल्टी-कोरचा. आणि सगळेच निवांत असतील, तर आधी डिस्क, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड तपासा. कोणता प्रोग्रॅम वापरता तेही इथे लिहा, त्याच प्रोग्रॅमची चाचणी शोधता येईल.